पाहुणे न पोचल्याबाबत लेखी खुलासा

वारजे, पुणे.
श्रावण शुद्ध द्वादशी.

तीर्थस्वरूप बद्रीनाथ दाजी यांस,

अनंताचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? रविराजकडून कळलं की जिना चढताना तुम्ही दुखरा पाय आधी टाकता आणि डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. (असो. बावीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाला पाऊल कुठलं आधी टाकावं हे मी सांगणार नाही.) ताईचं ब्लडप्रेशर, तुमच्या दारातलं लिंबाचं झाड, रविराजच्या बढतीचं भिजत पडलेलं घोंगडं, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. धरून चालण्याशिवाय इलाज नाही, कारण तुम्ही फोन उचलत नाही आणि ताईचा फोन वाजला की तोही तुम्हीच उचलत नाही असं मला कळलं आहे. इकडे सर्व खुशाल. माझी साखर आटोक्यात आहे. निशाची (माझी बायको; तुम्ही ओळखता, पण हल्ली आमची ओळख चालू आहे की बंद याची खात्री नसल्यामुळे लिहिलं) कंबर अधूनमधून धरते. उत्कर्षा, म्हणजे आमची मुलगी, रोज हिंजवडीला जाते आणि रोज परत येते. या जाण्यायेण्यात तिचे चार तास जातात आणि उरलेल्या वेळात ती नोकरी करते.

आता विषयाकडे वळतो. अक्षय्य तृतीयेला आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी तुम्ही, ताई आणि गाडी चालवायला रविराज असे तिघे पहाटे बार्शीहून निघालात, साडेनऊला पुण्यात शिरलात, वारज्यात आणि आसपास साडेतीन तास फिरलात आणि आमच्या दारात पाऊल न टाकता, न जेवता बार्शीला परत गेलात. त्याला आज तीन महिने होऊन गेले. दोन घरांत बोलणं नाही. तुमच्याकडून एवढाच निरोप आला, तोही रविराजने उत्कर्षाला फोनवर टाकला, की मामांना जे काही म्हणायचं असेल ते त्यांनी लेखी कळवावं. तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तुम्ही शाळा चालवलीत, मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालवा निरीक्षक होतो. तोंडी खुलाशाला काडीची किंमत नसते हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. तेव्हा हा लेखी खुलासा. उशीर झाला, कारण आधी चौकशी केली आणि मगच लिहायला बसलो. (खरं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.)

पहिली गोष्ट पत्रिकेची. पत्रिकेवर मी 'स्थळ : बायडाबाईंचा मळा, वारजे' असं छापलं. निशा तेव्हाच म्हणाली होती, अहो, सोसायटीचं नाव टाका, फ्लॅटचा नंबर टाका. मी म्हटलं, आपल्याच माणसांना नंबर कशाला? आईच्या नावाचा मळा वारज्यात कोणाला माहीत नाही? आता मळ्याची परिस्थिती अशी की रणजित बिल्डरने तिथे सात मजल्यांच्या तीन इमारती उभ्या केल्या आणि त्याला ऑलिव्ह काहीतरी असं नाव दिलं. आमच्या मळ्यात वांगी झाली, घेवडा झाला, मेथी झाली. ऑलिव्ह आमच्या खानदानात कोणी पाहिलेलं नाही. पण म्हणून मी मळ्याला मळा म्हणायचं सोडलेलं नाही. पाच वर्षं कर्वेनगरला भाड्याच्या घरात राहिलो तेव्हाही म्हणत होतो, मळ्यात काम चालू आहे. सातव्या मजल्यावर लिफ्टने जातानासुद्धा मी 'मळ्यात चाललोय' असंच म्हणतो, आणि लिफ्टमधली मंडळी थोडी बाजूला सरकतात.

तर पत्रिका ही अशी. त्यात आदल्या दिवशी मी तुम्हाला फोनवर रस्ता सांगितला आणि तुम्ही तो सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून घेतलात. म्हणजे रविराजच्या हातात फोन, तुमच्या हातात माझा कागद, आणि मागच्या सीटवर ताई, जी एकतीस वर्षांपूर्वी त्याच मळ्यातल्या मांडवातून तुमच्याबरोबर निघाली आणि आई गेली तेव्हा, सहा वर्षांपूर्वी, शेवटची येऊन गेली. एका गाडीत तीन वेगवेगळी वारजी होती. चौथं वारजं बाहेर होतं आणि ते या तिघांशीही जुळत नव्हतं.

आधी फोनची पाळी आली. (हे सगळं रविराजने उत्कर्षाला सांगितलं आहे, तेव्हा त्याला रागावू नका.) फोनला 'बायडाबाईंचा मळा' माहीत नव्हता, पण माहीत नाही असं म्हणायची त्याला सवय नाही. खडकवासल्याच्या रस्त्याला एक हॉटेल आहे, तिथे माणसांना खाटेवर बसवतात, डोक्याला टोपी घालतात आणि भाकरीचा फोटो काढू देतात. त्याचं नाव मळा. फोनच्या दृष्टीने पुणे शहरात तेवढाच एक मळा शिल्लक आहे. फोनमधली बाई 'पाचशे मीटरनंतर डावीकडे', 'दोनशे मीटरनंतर उजवीकडे' असं करत तुम्हाला तिथे घेऊन गेली आणि आपण पोहोचला आहात म्हणाली. तुम्ही खाली उतरून त्या हॉटेलवाल्याला विचारलंत की पूजा कुठे चालू आहे, आणि त्याने तुम्हाला टोपी घातली. झाल्या प्रकाराबद्दल मी फोनच्या वतीने क्षमा मागतो. टोपी रविराजकडे अजून आहे म्हणे.

तिथून मागे फिरलात आणि रागाच्या भरात फोन बंद करायला लावून माझा कागद काढलात. आता हा भाग नाजूक आहे, कारण इथून पुढची चूक माझी. ती कशी झाली हे मला समजलं ते आषाढात, आणि तेही एका कॉम्प्युटरकडून.

उत्कर्षाच्या कंपनीत सध्या कॉम्प्युटरला मराठी रस्ते शिकवायचं काम चालू आहे. म्हणजे कोणी बोलीभाषेत पत्ता सांगितला, की मारुतीच्या देवळामागे, चढ संपला की, असं काही, तर कॉम्प्युटरने ते समजून नकाशावर बोट ठेवायचं. पार्सलवाल्यांना उपयोग, अँब्युलन्सला उपयोग. त्यासाठी त्यांना जुन्या पद्धतीने रस्ता सांगणारी माणसं हवी होती. (उत्कर्षाने घरी 'सँपल' असा शब्द वापरला. लघवीशिवाय दुसऱ्या कशाचं सँपल मी आजवर दिलेलं नव्हतं.) तिच्या कंपनीच्या बसने गेलो. पावणेदोन तास लागले. तिथे काचेच्या खोलीत तिच्या वरिष्ठ शेफाली मॅडम भेटल्या. वयाने उत्कर्षापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, पण वागायला साध्या. म्हणाल्या, काका, तुम्ही फक्त नॅचरली बोला, जसं पाहुण्यांना सांगता तसं. मी म्हटलं, त्याचीच तर पंचाईत झाली आहे. आणि तुम्हाला जो रस्ता सांगितला होता तोच शब्दन् शब्द सांगितला.

कॉम्प्युटरने ऐकून घेतलं. मग पडद्यावर एकेक प्रश्न यायला लागला. स्वभावाने नम्र आहे, पण चिकट आहे. आमच्या ऑडिटच्या साहेबांची आठवण झाली. 'थोडं पुढे' म्हणजे किती? मी म्हटलं, थोडं म्हणजे फार नाही इतकं. 'हाकेच्या अंतरावर' म्हणजे किती मीटर? मी म्हटलं, ते हाक कोण मारतो त्यावर आहे. आमचे वडील बांधावरून हाक मारायचे ती नदीकाठी ऐकू यायची, माझी हाक हल्ली स्वयंपाकघरापर्यंत जात नाही. शेफाली मॅडमनी तेही टिपून घेतलं. मग त्याने विचारलं, 'वखारीच्या अलीकडे' म्हणजे वखारीच्या कोणत्या बाजूला? मला राग आला. म्हटलं, अलीकडे म्हणजे येणाऱ्याच्या बाजूला, यात विचारायचं काय? तर त्याने विचारलं, येणारा कुठून येत आहे?

दाजी, हा प्रश्न मी तुम्हाला विचारला नव्हता. तुम्ही बार्शीहून येणार, म्हणजे शहराच्या अंगाने येणार, हे मला माहीत होतं, पण रस्ता सांगताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही नव्हतातच. मी होतो. मी धरणाकडून, खात्याच्या जीपमध्ये बसून, कालव्याच्या कडेकडेने घरी येत होतो, जसा वर्षानुवर्षं आलो. तुमचं अलीकडे ते माझं पलीकडे झालं, ते असं.

त्यापुढचा प्रश्न उजव्या हाताचा. 'कालव्याने आलात की उजव्या हाताला मळा,' असं मी सांगितलं होतं. आता आमच्या खात्यात उजवं आणि डावं हे माणसाच्या तोंडावर अवलंबून नसतं. पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड करायचं, मग उजव्या हाताला येतो तो उजवा काठ. तुम्ही उलटे उभे राहा, आडवे पडा, पाणी आटू दे, काठ बदलत नाही. बदलला तर एकाच्या शेताचं पाणी दुसऱ्याच्या शेतात जाईल आणि डोकी फुटतील. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की मी ताटातली कोशिंबीरसुद्धा खडकवासल्याचं पाणी कुठे चाललंय ते बघून मागतो, असं निशा म्हणते. (अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.) आता कालव्यात पाणी नाही, कालवाही नाही, तिथे रस्ता झाला. पण माझ्या डोक्यात तो वाहतोच आहे. मी तुम्हाला उजवा काठ सांगितला, म्हणजे नदीची बाजू. तुम्ही आलात शहराकडून, पाण्याच्या उलट, आणि शहाण्या माणसासारखा स्वतःचा उजवा हात धरलात. गेलात डोंगराकडे. तिथे नेमकी दुसऱ्याच कोणाची तरी वास्तुशांत चालू होती. तुम्ही आत जाऊन बसलात, पन्हं घेतलंत, आणि दहा मिनिटांनी तुमच्या लक्षात आलं की यातलं एकही तोंड ओळखीचं नाही. पन्हं चांगलं होतं असं रविराज म्हणतो. आमच्याकडचंही चांगलं होतं.

शेवटी कॉम्प्युटरने माझ्या सांगण्याचा निकाल पडद्यावर लावला. मी सांगितलेल्या खुणा एकूण नऊ. पैकी जकात नाका, लाकडाची वखार, पिठाची गिरणी, पिंपळ, शाळेची जुनी इमारत, कालवा आणि मळा या सात अस्तित्वात नाहीत. म्हसोबा आहे, पण रस्ता रुंद झाला तेव्हा त्याला उचलून समोरच्या बाजूला बसवलं, म्हणजे देवसुद्धा जागेवर नाही. आणि नववी खूण : 'मग तिथं मी उभा असेनच.' त्यापुढे कॉम्प्युटरने लिहिलं होतं, या खुणेची पडताळणी होऊ शकली नाही. आम्ही तिघंही हसलो. शेफाली मॅडम म्हणाल्या, काका, हे क्लासिक आहे. मला चहा दिला आणि एक पिशवी भेट दिली. घरी येताना मला बरंच हलकं वाटत होतं. सगळा प्रकार दिशांच्या गोंधळाचा होता, त्यात माणसांचा काही दोष नव्हता, असं तुम्हाला झकास लिहून कळवू असं ठरवलं. त्याच आठवड्यात कळवलं असतं तर बरं झालं असतं, कारण मग मला पुढचं कळलंच नसतं.

गेल्या आठवड्यात औषधांचं एक पार्सल आलं नाही म्हणून मी खाली गेटवर गेलो. आमच्या गेटवर बजरंग नावाचा वॉचमन आहे, मूळचा वाशिमकडचा, सज्जन माणूस. पार्सल कधी आलं बघू म्हणून तो पाहुण्यांचं रजिस्टर चाळत होता, आणि चुकून बरीच पानं मागे उलटली तिथे मला तुमचं अक्षर दिसलं. काना, मात्रा, शिरोरेघ, सगळं जिथल्या तिथे. त्या रजिस्टरात इतकं सरळ अक्षर दुसऱ्या कोणाचं नाही. तारीख अक्षय्य तृतीयेची. गाडी एमएच तेरा. वेळ बारा चाळीस. नाव, बद्रीनाथ गुरुजी व कुटुंब. फ्लॅट नंबरचा रकाना मोकळा. आणि 'कोणाकडे' या रकान्यात तुमचं नाही, ताईचं अक्षर. तिने लिहिलं होतं, माहेरी.

त्यापुढे बजरंगने लाल पेनाने लिहिलं होतं, परत गेले.

दाजी, हे मला माहीत नव्हतं. रविराजने उत्कर्षाला सगळं सांगितलं, गेटचं तेवढं गाळलं. तुम्ही वैतागून हायवेवरूनच मागे फिरलात असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. मी बजरंगला विचारलं, त्याला सगळं आठवत होतं. त्या मावशी गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, हा आमचाच मळा हाय. बजरंग म्हणाला, मावशी, इथे मळा नाही, सोसायटी आहे, फ्लॅट नंबर सांगा. नंबर तुमच्याकडे नव्हता, तो मी छापलाच नव्हता. कोणाचं घर, असं त्याने विचारलं, तर ताईने आईचं नाव सांगितलं. त्याच्या यादीत बायडाबाई कुठून असणार? माझं नाव सांगितलंत, तर यादीत नावंच नाहीत, नुसते नंबर आहेत. तीन वर्षं झाली तो इथे आहे, इमारत बांधली जात होती तेव्हापासून, आणि मला तो रोज नमस्कार करतो, पण माझं नाव त्याला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी त्याला बी सातशे तीन म्हणून माहीत आहे. मग तुम्ही मला फोन लावलात, चार वेळा. माझा फोन कपाटावर होता, आवाज बंद करून, कारण पूजा सांगणाऱ्या गुरुजींना मध्ये वाजलेलं चालत नाही. ताई दहा मिनिटं गेटजवळच्या आंब्याखाली उभी राहिली. मग म्हणाली, चला, इथं आपलं कोण हाय. आणि गाडीत जाऊन बसली.

म्हणजे तिघांत बरोबर आली ती ताईच. फोन चुकला, कागद चुकला. ती नाही चुकली. कशी आली हे मी रविराजला मुद्दाम विचारून घेतलं. तिने गाडी थांबवायला लावली, खाली उतरली, आणि डोंगराचा खांदा बघत बघत रस्त्याने चालायला लागली, तुम्ही मागून गाडी हळूहळू आणलीत. आमच्या विहिरीपाशी उभं राहिलं की डोंगराचा तो खांदा बरोबर माथ्यावर येतो. लहानपणी धुक्यात हरवू नये म्हणून आईने आम्हाला ते शिकवलं होतं. मी विसरलो होतो. मी त्याच जागेवर राहतो आणि विसरलो. ती कुठून कुठून, गुडघ्याएवढ्या खड्ड्यांतून, सिग्नल ओलांडत, भर उन्हात बरोबर मळ्यात आली, आणि मी वर सातव्या मजल्यावर पाटावर बसून, तोंड पूर्वेला करून, हातावर पाणी सोडत होतो. पूर्व तेवढी बरोबर होती.

हे खरं कारण, पत्राला उशीर होण्याचं. रजिस्टर बघितल्यापासून काय लिहावं ते सुचेना. आणि आणखी एक सांगतो, ते लिहिताना लाज वाटते, पण खुलासा म्हटलं की सगळं आलं. एकतीस वर्षं मी तुमच्याकडे येतो आहे. दिवाळीला आलो, रविराजच्या बारशाला आलो, तुमच्या वडिलांच्या वेळेला आलो. एकदाही तुम्ही मला पत्ता सांगितला नाहीत. गाडी किती वाजता पोचते एवढंच विचारायचात, आणि गाडी फलाटाला लागायच्या आधी तुम्ही स्कूटर घेऊन स्टँडवर हजर. एकदा गाडी अडीच तास उशिरा आली, तेव्हाही होतात. मी मागे बसायचो, पिशवी मांडीवर, समोर तुमची पाठ. तुमच्या पाठीशिवाय मला बार्शीचा एकही रस्ता माहीत नाही. तुम्हाला जमलं ते मला जमलं नाही. दोन तास पाटावरून उठून हायवेच्या पुलाखाली, सांगितल्याप्रमाणे, उभा राहिलो असतो तर वास्तू काही अशांत राहिली नसती. निशा बसली असती पूजेला. तेव्हा नऊपैकी आठ खुणा हरवल्या त्याचं मला काही वाटत नाही, त्या माझ्या हातात नव्हत्या. नववी होती.

सबब, दोष फोनचा नाही, रविराजचा नाही, आणि बजरंगला तर माझी विनंती आहे की त्याला मनातूनसुद्धा काही म्हणू नका. दोष माझा आहे. खुलासा समाधानकारक वाटला तर तसं ताईला वाचून दाखवावं. नाही वाटला तर निदान 'माहेरी' लिहिलेलं ते पान मी बघितलं, एवढं तिला सांगावं. मोठ्यांस नमस्कार, रविराजला आशीर्वाद. निशाने तुम्हा दोघांना नमस्कार सांगितला आहे, आणि उत्कर्षाने आत्याला.

तुमचा,
अनंत

ता. क. १ : पत्र लिहून झाल्यावर पाकिटावर पत्ता घालायला बसलो आणि माझ्या लक्षात आलं की तो मला माहीत नाही. वर लिहिलंच आहे. रविराजला विचारलं, तर त्याने फोनवर निळा ठिपका पाठवला. म्हणतो, मामा, एकदम ॲक्युरेट आहे. असेल. पण पाकिटावर ठिपका काढून पोस्टात टाकता येत नाही.

ता. क. २ : हे शुद्ध चतुर्दशीला बार्शीच्या स्टँडवर बसून लिहीत आहे. पोस्टाचा प्रश्न सुटेना म्हणून पत्र स्वतःच घेऊन आलो. इथे पहिल्याच रिक्षावाल्याला विचारलं, बद्रीनाथ गुरुजींचं घर माहीत आहे का, तर तो म्हणाला, सातवीत त्यांनी मला दोनदा बाकावर उभं केलंय, चला सोडतो. मी त्याच्याबरोबर पत्र पाठवतो आहे, मी येत नाही. ठिपकाही आहे माझ्याकडे, तो धरूनही येणार नाही. बिनबोलावता ताईच्या दारात उभं राहायचं माझं धाडस नाही, आणि तिने दारातून परत पाठवलं तर ते मला सोसणार नाही. तिला दारातून परत जावं लागलं ते मात्र मी तीन महिने सोसलं, कारण मला माहीत नव्हतं. उद्या राखी पौर्णिमा आहे. दरवर्षी आठवडाभर आधी पाकीट येतं, या वर्षी आलं नाही. तिने पाठवलं नाही की नव्या पत्त्यावर कोणाला सापडलं नाही, हे मी पोस्टातही जाऊन विचारून आलो. त्यांना माहीत नाही. तेव्हा एवढंच मागणं आहे, मला स्टँडवर घ्यायला या. एवढं मोठं पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. ३ : मी स्टँडवर कुठे आहे ते नीट लिहितो, या वेळी चूक नको. स्टँडच्या मुख्य दरवाजातून, रस्त्याकडे पाठ करून आत या. तुमच्या स्वतःच्या उजव्या हाताला वळा, कोणत्याही पाण्याच्या नाही. शेवटच्या फलाटावर लातूरची लाल गाडी उभी आहे, तिच्या बरोबर समोरच्या बाकावर मी बसलो आहे. आधी उभा होतो, पण पाय भरून आले. अंतर दरवाजापासून साधारण साठ पावलं, माझ्या पावलांनी. रिक्षावाला घाई करतो आहे.

ता. क. ४ : लातूरची गाडी आत्ताच सुटली. आता समोर मोकळी जागा आहे आणि बाकावर माझ्यासारखी आणखी पाचसहा म्हातारी माणसं, सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या. रिक्षावाल्याने पत्रासाठी हात पुढे केला आहे, नवीन खूण शोधायला वेळ नाही. तेव्हा येताना ताईलाच घेऊन या. गेटवरच्या कोणालाही ती ओळखू आली नाही, मला येईल.